सामानापाशी कोण बसणार?

आमच्या दूध सोसायटीचे किस्से कुणाला मुद्दाम जमवावे लागत नाहीत. संचालक मंडळाची एक बैठक झाली की दोन तरी तयार होतात, आणि मंडळ दौऱ्यावर निघालं तर मग विचारूच नका! केलेले ठराव आठवत नाहीत, हे मात्र डोक्यात घर करून बसतात. माझ्या डोक्यात तर ते रागासकट बसलेत. आज सांगूनच टाकते.

*

भूमजवळचं आमचं गाव, आणि दुष्काळाची वर्षं. धारा काढायच्या बायकांनी, पहाटे चरवी घेऊन डेअरीवर जायचं बायकांनी, आणि मंडळावर मात्र सगळ्या टोप्या! शेवटी गावातल्या बायकांनीच हट्ट धरला आणि मला संचालक करायला लावलं.

पहिल्या बैठकीला मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. अध्यक्ष आबा मोठे अदबशीर. उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "या वैनी, या. लई बरं झालं तुमी आलात. जरा च्याचं बघता का?"

मी बघितलं. पहिलाच दिवस होता ना! दुसऱ्या बैठकीला मात्र बसल्याबसल्या विचारलं, "आबा, आज च्याची पाळी कुणाची?" सगळे घाईनं समोरचे कागद चाळायला लागले. त्या दिवसापासून चहा हॉटेलातून यायला लागला. आमच्या मंडळानं एकमतानं घेतलेला तो पहिला निर्णय!

*

एकदा सोसायटीसाठी म्हैस घ्यायला बाजाराला गेलो. एसटीतून उतरलो तसे आबा म्हणाले, "वैनी, तुमी सामानापाशी बसा. आमी म्हस बघून येतो."

आता तुम्हीच सांगा, आबा, सेक्रेटरी आणि मंडळातले दगडूअण्णा या तिघांपैकी जन्मात कधी म्हशीच्या कासेला कुणी हात लावला होता? पण मी स्टँडवर वळकट्या राखत बसले. संध्याकाळी तिघं हसतखेळत म्हैस घेऊन आले.

गावात आणल्यावर ती कुणाला जवळ येऊ देईना. सेक्रेटरीला तर अशी लाथ बसली की बिचारा आठवडाभर लंगडत होता. तर आबा माझ्याकडं बघून म्हणतात कसे, "वैनी, तुमी बाजारात असता तर कळलं असतं!"

*

मग मुंबईची मोठी डेअरी बघायचा अभ्यास दौरा निघाला. मुंबईहून बोटीनं पणजीलाही जाऊन यायचं, हे सेक्रेटरीनं आधीच ठरवून टाकलेलं. जनावरं छावणीत आणि मंडळ बोटीवर! मला राहवलं नाही. भर बैठकीत म्हटलं, "जनाची न्हाय तर मनाची तरी ठिवा!"

सेक्रेटरी शांतपणे म्हणाला, "वैनी, दुष्काळातच तर अभ्यासाला सवड मिळती."

खोटं कशाला बोलू, चीड आली तरी पणजी बघायची हौस मलाही होती. असा योग पुन्हा कुठला यायला! निघताना माझ्या धाकट्या लेकीनं बजावलं होतं, "आई, शहर नीट बघ अन् मला समदं सांग." तिला सांगायला तरी ते शहर बघायचंच, असं मी मनाशी धरलं होतं.

*

बोटीवर दगडूअण्णांनी दुधाचा कॅन आणला होता. आत दूध नाही, पाणी! गावातून मुंबई आणि मुंबईतून बोट, स्वतःच्या हातानं उचलून आणलेला. डेकवर कॅनला टेकून बसले. शेजारचा एक पँटवाला फिदीफिदी हसायला लागला, "काका, सगळीकडं पाणीच पाणी आहे की!"

अण्णा म्हणाले, "त्ये कुणाच्या कामाचं? हे पिता येतं."

मी त्या माणसाकडं असं बघितलं की तो उठून दुसरीकडं जाऊन बसला. ज्याला टँकरची वाट बघावी लागत नाही, त्याला हसायला काय जातं!

*

बोट सकाळी पणजीला लागली. तीच बोट दुपारी परत मुंबईला निघायची होती. डेक धुवायचा म्हणून सगळ्यांना सामानासकट खाली उतरवलं. वळकट्या, पेटी, भाकरीची गाठोडी, अण्णांचा कॅन, सगळं धक्क्यावर रचलं. समोर पांढरीशुभ्र, तांबडी, पिवळी घरं उन्हात चमकत होती. मी पदर खोचला, चपला घातल्या आणि आबा म्हणाले, "वैनी, तुमी सामानापाशी बसा."

"आबा, मलाबी शहर बघायचंय."

"बघा की! हितनंच समदं दिसतंय."

आणि गेले! तिघंही गेले. संतापानं माझ्या डोळ्यात पाणी आलं. एवढ्या लांब येऊन मी काय बघायचं, आबांची वळकटी?

*

त्या तिघांनी काय दिवे लावले ते मला नंतर अण्णांकडून कळलं. पणजीत जे मोटारसायकलवाले भाडं घेऊन मागं बसवून नेतात, त्यांना पायलट म्हणतात. आबांना वाटलं, पायलट म्हणजे मोठा मान! बसले ऐटीत. पुढं वळणावर फेटा उडाला, तो गेला एका भिंतीपलीकडं. गाडी सोडून आबा फेट्यामागं, सेक्रेटरी आबांमागं. अण्णांचं वेगळंच. रस्त्यात नळ चालू दिसला की बंद करत चालले. एका नळाखाली बादली होती, तोही बंद केला! घरातून बाई ओरडत बाहेर आली. अण्णा तिलाच बोलायला लागले, "पाण्याची किंमत हाय का तुमाला?" भोवती माणसं गोळा झाली. त्यांची समजूत घालता घालता अख्खी सकाळ गेली. तिघांनी मिळून एक गल्ली बघितली!

*

इकडं मी धक्क्यावर धुमसत बसलेली. एक म्हातारा टॅक्सीवाला आला, सामानाकडं बोट दाखवून म्हणाला, "बाये, हें सामान खंय व्हरूं?"

हे कुठं नेऊ, एवढं मला कळलं. आणि तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. आबांनी सामानापाशी बस म्हणून सांगितलं होतं. सामान कुठं असावं, ते कुठं सांगितलं होतं?

म्हटलं, "चढवा गाडीवर!"

वळकट्या टपावर, पेटी डिकीत, कॅन माझ्या पायाशी, आणि मी मागच्या सीटवर एकटी! आयुष्यात पहिल्यांदाच खिडकी कुणाला द्यावी लागली नाही. त्या म्हाताऱ्यानं मला सगळं शहर फिरवलं. उंच पायऱ्यांचं पांढरं चर्च दाखवलं, बोळातली रंगीत घरं दाखवली, मासळीबाजारातून नेलं. एका टेकडीच्या पायथ्याला झरा होता, तिथं गाडी थांबवली. मी ओंजळीनं पाणी प्याले. तोंड धुतलं, पाय धुतले, सावकाश. माझ्यामागं घागर घेऊन कुणी उभं नव्हतं. मला आमच्या गावातल्या बायका आठवल्या आणि आनंद झाला की राग आला, तेच कळेना.

परत आलो तर बोटीचा भोंगा वाजत होता आणि धक्क्यावर तिघं डोक्याला हात लावून उभे. आबांना तर घाम फुटलेला.

"वैनी! सामान कुठं हुतं?"

"माझ्यापाशी."

टॅक्सीवाल्यानं भाडं मागितलं तसा सेक्रेटरी कावराबावरा झाला. हे कुठल्या खात्यात दाखवायचं म्हणायला लागला. मी म्हटलं, "हमालीत धरा!"

*

परतीच्या बोटीवर तिघांनी मला खोदून खोदून विचारलं. मीही भोळी! पायऱ्या, घरं, मासळीबाजार, झरा, सगळं सांगून टाकलं.

गावात आल्यावर शाळेच्या पटांगणात सभासदांची सभा भरली. बायकाही आल्या होत्या, माझी लेक पुढंच बसलेली. आबा उठले आणि दौऱ्याचं सांगायला लागले. "आमी त्या उंच पायऱ्या चढलो. आमी ती रंगीत घरं बघितली. काय तो झरा, मंडळी!" शब्द न् शब्द माझा! सेक्रेटरी मान डोलवतोय, अण्णा जमिनीकडं बघतायत. शेवटी आबा हसून म्हणाले, "वैनी बी हुत्या बरं का संगट. सामानापाशी बसल्या बिचाऱ्या, लई मदत झाली."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. टँकरच्या रांगेत कायम माझ्यापुढं असायची ती. म्हणाली, "आबा, त्या झऱ्याचं पाणी कसं हाय? गोड हाय का मचूळ?"

सगळ्या माना आबांकडं वळल्या. पाण्याचा सवाल होता ना! आबांनी घसा खाकरला, फेटा सारखा केला आणि माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, "वैनी, गोड हुतं का ओ?"

मी उभी राहिले आणि पार मागच्या म्हातारीलाही ऐकू जाईल असं म्हटलं, "मला काय ठावं, आबा? म्या तर सामानापाशी हुते!"