गरजूंच्या रांगेत

"बाई, असं नटून काऊन आली? कामाचा शर्ट घाल वरून. फोटोत गरीब दिसलं पाहिजे."

मॅनेजर हे मला चारचौघांत म्हणाला. देवळीच्या रस्त्यावरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात, मंडपाच्या तोंडाशी. मी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून गेले होते. आमच्यात ती बुद्धवंदनेला, कार्यक्रमाला नेसतात.  मागच्या बायकांतल्या एकदोघी हसल्याही.

चूक माझीच. आदल्या दिवशी मुकादम सांगून गेला, मालकाचा वाढदिवस आहे, सगळ्या बायांनी या, स्टेजवर बोलावणार. मला वाटलं, सत्कार. बारा हंगाम मी तिथे कापसातली कवडी वेचते, म्हणजे किडका, पिवळा कापूस हाताने बाजूला काढते. माझे बाबा गिरणीत कायम होते. त्यांची नोकरी पंचवीस वर्षांची झाली तेव्हा गिरणीने हार घालून भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. त्यांच्या एकट्याच्या कामावर आम्ही चार भावंडं शिकलो, पक्कं घर झालं. मी बी.ए. झाले, नवरा ट्रॅक्टर चालवतो, दोघं राबतो आणि नाचणगावात भाड्याच्या एका खोलीत राहतो. पण डोक्यात अजून बाबांच्याच काळातला मालक. वेडेपणा, दुसरं काय.

मी शर्ट घातला. सांगायला लाज वाटते, पण घातला. शेडमधल्या खिळ्यावर टांगलेला, नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा. कापसाच्या धुळीपासून वाचायला आम्ही सगळ्याच साडीवर असा शर्ट घालतो. त्या दिवशी मालकाला तो आमच्या अंगावर शोभेसाठी हवा होता.

मंडपात बॅनर दिसला. मालकाचा हसरा चेहरा, जोडलेले हात, आणि खाली: गरजू महिलांना किराणा वाटप. गरजू कोण, तर त्याच्याच जिनिंगमधल्या आम्ही. ठेकेदाराच्या नावावर ठेवायचं, हंगाम संपला की हाकलायचं, कायम म्हणून एकीचंही नाव लिहायचं नाही. एवढं करून आम्ही गरजू झालो की पिशवी द्यायची. आणि दानशूर एवढा की तेलाच्या पाकिटावरही स्वतःचा फोटो चिकटवलेला. मला चीड यायच्या आधी किळस आली.

माझी पाळी आली. मालकाने पिशवी पुढे केली, मान कॅमेऱ्याकडे. हसू तसंच ठेवून म्हणाला, "नाम क्या है तेरा? कहाँ काम करती?"

बारा हंगाम. रोज त्याच्या गाडीला वाट देणारी मी.

मी पिशवी घेतली नाही. शर्टाची बटणं काढली, शर्ट घडी करून हातावर टाकला आणि म्हणाले, "तुमच्याच इथं काम करतो. आमाले दान नोको. कामावर कायम घ्या, किराणा आमचा आमी आणतो."

फोटोवाला थांबला. मागून शांतामावशी कुजबुजली, "घे ना वो बाई, तेल हाय त्याच्यात." मावशीच्या घरचं मला माहीत आहे. तिने तिची पिशवी घेतली. मी तिला काही बोलले नाही. लाज वाटायची तर ती देणाऱ्याला वाटावी.

दुसऱ्या दिवशी गेटवर मुकादम म्हणाला, "तुले काम नाई. मालकाची माफी माग, मंग येजो."

नवरा आधी चिडला. सध्या मी दुसऱ्यांच्या शेतात हरभरा सोंगायला, म्हणजे कापायला, जाते. परवा संध्याकाळी जिनिंगमधल्या पाचजणी माझ्या खोलीवर आल्या, त्यांत शांतामावशीही. कामगार कार्यालयात द्यायचा अर्ज मी लिहिला: कोण किती हंगाम राबते आहे आणि तरी कायम का नाही. मावशीने अंगठा उमटवला. माझ्या बी.ए.चा हा पहिला उपयोग.

मी माफी मागणार नाही. काम परत मिळालं नाही तरी नाही. मालकाला पुढच्या वाढदिवसाला गरजू लागतील, ते त्याने दुसरीकडे शोधावेत. आम्ही त्याचे कामगार आहोत, आणि हे त्याच्या सहीने लिहून घेतल्याशिवाय आम्ही मागे हटणार नाही.