एकट्याचा कोरम

आमच्या धारवाडच्या मळमड्डीत, अगदी माझ्या दारासमोर, पूर्वी पिठाची गिरणी होती. गिरणी बंद पडली, कट्टा राहिला. त्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी पेन्शनवाले दहा जण बसायचे, आणि त्या बसण्याला त्यांनी नाव दिलं होतं राज्यसभा.

नाव ठेवलं मुकुंदराव मास्तरांनी. ते हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. धारवाडहून बसनं जाऊन-येऊन जन्मभर संसद शिकवली. पोरं त्या तासाला झोपायची, असं ते स्वतःच सांगत. जागे विद्यार्थी मिळाले ते निवृत्त झाल्यावर, या कट्ट्यावर.

मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. पण ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता कानावर पडायचंच. मास्तर म्हणायचे, "अंबूअक्का, तुमचा ओटा म्हणजे प्रेक्षकांची गॅलरी. ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या नाहीत."

"टाळ्या वाजवण्यासारखं बोला तरी आधी," मी म्हणायची.

मला समजलं ते असं. दिल्लीत दोन सभागृहं. खालचं म्हणजे लोकसभा; ते आपण मतं देऊन निवडतो, पाच वर्षांनी ते मोडतं, नवं बसतं. वरचं म्हणजे राज्यसभा. तिथली बहुतेक माणसं राज्यांतले आमदार निवडून पाठवतात, आणि ते सभागृह कधीच मोडत नाही. कायदा व्हायचा तर दोघांचं हो लागतं. पैशाचं बिल असलं तर मात्र वरच्यांचं काही चालत नाही. चौदा दिवस ठेवायचं, काय सुचवायचं ते सुचवायचं, आणि परत द्यायचं.

"म्हणजे आपल्यासारखंच की हो!" महादेव वकील म्हणायचे. "सून विचारते, मामंजी, नवा सोफा घ्यायचा का? आणि सोफा दारात आलेला असतो."

वकील म्हणजे कट्ट्यावरचे विरोधी पक्षनेते. चिडले की कानडीत शिरायचे. मग मास्तर हात वर करून "साकु, साकु, पुरे वकील" म्हणायचे आणि सभा चहासाठी तहकूब व्हायची. चहा अर्थातच गॅलरीतून जायचा.

राज्यसभेत दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा निवृत्त होतो. कट्ट्यावरही तसंच होत गेलं. दिल्लीत रिकाम्या जागेवर नवा माणूस येतो, इथे कोण येणार? कुणी मुलाकडे गेले, कुणी कायमचे गेले. मास्तरांच्या घरातून त्यांची बायको, आमच्या शुभांगीवहिनी गेल्या. शेवटी वकीलही गेले.

मला वाटलं, संपलं आता. पण वकिलांचे दिवस झाले आणि संध्याकाळी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले, वकिलांची जागा मोकळी सोडून आपल्या जागी बसले. मी रस्ता ओलांडून गेले.

"मास्तर, कुणी नाही हो आता. घरात चला, गरम आमटी आहे."

"अक्का, कोरम म्हणजे काय?"

"सभेला कमीत कमी लागतील तेवढी माणसं."

"एकूण सभासदांचा दहावा हिस्सा. आम्ही दहा. मग किती?"

"एक."

"मग सभा चालू आहे," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

त्यानंतर रोज तसंच. पेपरातलं एखादं वाक्य मोठ्यानं वाचायचे आणि रिकाम्या जागेकडे बघून थांबायचे. तिकडून भांडण यायचं नाही, मग पान उलटायचे.

गेल्या थंडीत ते न्हाणीघरात पडले. सकाळी कामवाली येईपर्यंत फरशीवरच होते. बेंगळूरहून मुलगा गुरुप्रसाद आणि सून दीपश्री धावत आली. मी पेज घेऊन गेले तेव्हा मास्तरांना बेंगळूरला न्यायची चर्चा रंगात आली होती.

"अप्पा, परत पडलात तर?" गुरुप्रसाद म्हणाला.

"उठेन."

"या वेळी उठलात?"

मास्तर म्हणाले, "वरच्या सभागृहाला मंजूर नाही. बिल परत."

दीपश्रीला हसू आलं. मुलगी प्रेमळ आहे, उगाच कशाला नावं ठेवू? "मग संयुक्त बैठक घ्या अप्पा. दोन सभागृहांचं जमलं नाही तर एकत्र बसून मतं घेतात, तुम्हीच ह्यांना शिकवलंत ना?"

"शिकवलं. आणि खालच्यांची माणसं दुपटीहून जास्त, म्हणून तिथे वरचे हरतात, तेही शिकवलं."

"आम्ही दोघं, फोनवर तुमची नात वेदश्री. तीन. तुम्ही एक."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी जावं असं मला वाटत नव्हतं. त्यांनी पुन्हा त्या गार फरशीवर पडून राहावं असंही वाटत नव्हतं.

"गॅलरीला मत नसतं, मास्तर," मी म्हणाले.

"बरोबर," ते म्हणाले. पेज मात्र सगळी प्यायले.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला कट्ट्यावर बोलावलं. "राज्यसभेत बारा जण नेमलेले असतात. साहित्य, कला, विज्ञान, समाजसेवा. नेमायचं राष्ट्रपतींनी, पण ते काही मळमड्डीत येणार नाहीत. म्हणून मीच तुम्हाला नेमतो."

"मला यातलं काय येतं?"

"इतकी वर्षं आमचं बोलणं ऐकलंत. समाजसेवा आणखी कशाला म्हणतात?" मग म्हणाले, "मात्र राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तुम्हाला मत नाही."

त्याला माझी हरकत नव्हती.

ते गेले. दुसऱ्या दिवशी मी सुपात शेंगा घेऊन कट्ट्यावर बसले. समोर माझाच ओटा रिकामा दिसत होता. मांडायला विषय सुचेना. मग जो होता तोच मांडला: मुकुंदराव मास्तरांनी आपल्या घरी परत यावं. हात वर केला. विरोधात कोणी नव्हतं.

रात्री मास्तरांचा फोन आला. मी सांगितलं.

"एकमतानं?"

"एकमतानं. मीच होते."

त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "अक्का, आता ते खालच्या सभागृहाकडे जाणार. दोघांचं हो लागतं."

"तुम्ही तिथेच आहात, विचारा की."

"विचारीन. सध्या वेदश्रीची परीक्षा आहे."

परीक्षा झाली. निकालही लागला, पेढे कुरियरनं आले. मास्तर फोनवर वेदश्रीचे मार्क सांगतात, माझ्या गुडघ्याचं विचारतात. बिलाचं मी काढत नाही, तेही काढत नाहीत. खालच्या सभागृहानं ते अजून चर्चेला घेतलेलं नाही.

संध्याकाळी मी कट्ट्यावर जाते. एका बाजूला मास्तरांची जागा सोडते, दुसऱ्या बाजूला वकिलांची, आणि मधे बसते.