शिकारीतला वाटा

आमच्या कवठे महांकाळकडच्या वनखात्याच्या बीट ऑफिसात दोन गोष्टी साठतात: जप्त केलेली जाळी आणि किस्से. जाळी निदान साहेबांची सही घेऊन जाळता तरी येतात!

मी वनरक्षक म्हणून रुजू झाले ती शिमग्याच्या तोंडावर. शिमगा झाला की इथली माणसं कुत्री, काठ्या, गोफणी घेऊन सशाच्या शिकारीला निघतात. म्होरके बिरूतात्या, एरवी किराणा दुकान चालवणारा देवमाणूस! मी धापा टाकत माळावर पोचले, तेव्हा ससा कापून पळसाच्या पानांवर वाटे पडत होते.

"ह्यो तुमचा, मॅडम!" तात्यांनी एक पान पुढं सरकवलं. "पैला वार ज्याचा, शिकार त्येची. आन् वाटं पडायच्या आत जो येईल, त्येलाबी वाटा. रीतच हाय!"

मी तणतणत पंचनाम्यात लिहिलं, 'वाटे सात.' सही करता करता तात्या थांबले.

"आठ करा. कुत्र्याचा धरला न्हाई तुमी!"

* * *

त्याच माळावर ओढ्याकाठच्या वडावर मोरघारीचं घरटं आहे. दांडगा पक्षी, तोही सशावरच जगतो, म्हणून शिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतो. तात्यांनी भर दुकानात मला विचारलं, "ती रोज शिकार करती. तिच्यावर केस का न्हाई?"

"तिला किराणा दुकान नाही, तात्या!"

गिऱ्हाईकं फिदीफिदी हसली. तात्यांनी साखर मात्र नीट तोलून दिली.

* * *

मागच्या शिमग्याला गोफणीचा दगड घरट्यात बसला आणि पिल्लू मेलं. कुणी मारला, कोण सांगणार? पिल्लू हातात घेऊन मी ढसाढसा रडले. पुढच्या शिकारीला या वडाखालून हलायचं नाही, हे तिथंच ठरवलं.

साहेब म्हणाले, "एकटी काय करणार तुम्ही?"

"बसणार!"

* * *

यंदा बसले. वर नवं पिल्लू, अजून उडता न येणारं. ऊन चढायला शिकारी आले. सगळ्यात पुढं तात्यांचा जावई, फौजेतून सुट्टीवर आलेला.

"मॅडम, हटा बाजूला."

"नाही हटणार. आणि एकालाही सोडणार नाही. प्रत्येकाचं नाव लिहिणार!"

तेवढ्यात गवतातून ससा उठला. कुत्री सुटली, काठ्या उचलल्या गेल्या. पण सगळ्यांच्या आधी वरून मोरघार आली, ससा उचलला आणि सरळ घरट्यावर जाऊन बसली. जावयानं गोफणीत दगड भरला. मी उठून त्याच्या आडवी आले.

मागून तात्यांनी त्याचं मनगट धरलं. "पैला वार तिचा."

"आवं मामा, मग आमचा वाटा?"

तात्यांनी वर पाहिलं. मोरघार पिल्लाला भरवत होती. त्यांनी शीळ घालून कुत्री मागं बोलावली.

"वाटं पडलं, गड्या. आपुन उशिरा आलो."