प्लास्टरताईच्या दोन जागा

प्लास्टर रूममध्ये काम करणाऱ्या त्या बाईला सगळं हॉस्पिटल प्लास्टरताई म्हणायचं. मोडका हात घेऊन रडत आलेलं पोर तिच्या हाताखालून हसत बाहेर पडायचं, असा तिचा लौकिक. वर्षानुवर्षं लोकांचे हातपाय बांधून झाल्यावर एके दिवशी बाईसाहेबांच्या मनाने घेतलं, की आपण डॉक्टर व्हायचं. हिचं डोकं फिरलंय, असं लोक म्हणाले. तिने कुणाचं ऐकलं नाही. ड्यूटी सांभाळून अभ्यास केला, परीक्षा दिली आणि एक सोडून दोन मेडिकल कॉलेजांत तिचा नंबर लागला. मग डोकं फिरलंय म्हणणारेच अभिनंदन करायला पुढे. लोकांचं हे असंच असतं.

एक कॉलेज दूरच्या शहरातलं, जुनं, नावाजलेलं. दुसरं नवं, तिच्याच हॉस्पिटलला जोडलेलं, घरून चालत जाण्यासारखं. घरी बाबा एकटे. निवृत्त बस ड्रायव्हर. गुडघ्यांनी दगा दिला होता, जिभेने नाही. त्यांना टाकून कसं जायचं, म्हणून तिने जवळचं कॉलेज मनोमन पक्कं करून टाकलं होतं. होकार तेवढा कळवायचा बाकी होता.

त्या कॉलेजातल्या नव्या विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या कार्यक्रमाला ती इस्त्रीचा ड्रेस घालून निघाली. सभागृहाच्या वाटेवरच प्लास्टर रूम. आत एक लहान मुलगी गळा काढून रडत होती. दारामागचा एप्रन आपण कधी काढला आणि कधी बांधला, ताईचं तिलाच कळलं नाही. मुलीचं झालं, मग एक आजोबा आले, मग "ताई, आलाच आहात तर एवढं..." करत रांगच लागली. कोपरापर्यंत पांढरी होऊन ती सभागृहात पोचली, तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता.

"कार्यक्रम कधीच आटोपला, ताई. तुमचं नाव पुकारलं होतं."

"मग बोलवायचं ना मला!"

"बोलावणार होतो. पण म्हटलं, ताई कामात आहेत."

घरी गेल्यावर हा किस्सा बाबांना रंगवून सांगताना मधेच तिला रडू फुटलं.

"इथे मला कुणी शिकवणारच नाही, बाबा. सगळे कामाला जुंपतील, आणि मी मुकाट्याने करत बसेन. मला नाही म्हणताच येत नाही."

"मग जा की त्या दूरच्या कॉलेजात."

"आणि तुमचं?"

"माझं काय? मी काय कुकुलं बाळ आहे? वरच्या मजल्यावर तुझी मावशी आहे. आणि स्वयंपाक येतो मला."

"चहा येतो तुम्हाला."

"सुरुवात चहापासूनच होते." बाबा गुडघा चोळू लागले. "तुझी आठवण येणार. खूप येणार. येऊ दे. पण माझ्यापायी तू अर्ध्या वाटेत उतरलीस, तर ते मला सोसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दूरच्या कॉलेजला होकार कळवून ती हाडांच्या डॉक्टरांसमोर उभी राहिली. बातमी ऐकून डॉक्टर आधी खूश झाले, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"अहो ताई, मग प्लास्टरचं कोण बघणार?"

"मी बघते" हे शब्द सवयीने तिच्या ओठांवर आलेच होते. तिने ते गिळले.

"ते आता तुम्ही बघा, सर," ती म्हणाली. "मी शिकायला चाललेय."