नाक्यावरचं अस्वल

गेल्या श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, सुरतच्या नवागाममध्ये आमच्या गल्लीच्या नाक्यावर, मोबाईल हिसकावणाऱ्या दोघांची मोटारसायकल अडवली गेली. अडवणाऱ्याच्या तोंडावर अस्वलाचा मुखवटा होता. त्या वेळी तो मुखवटा तिथून चार-पाच किलोमीटरवर, चालत्या रिक्षात, माझ्या शेजारी होता.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वर्तमानपत्रात होतो तेव्हा अशा अनुभवांची पत्रं न छापता बाजूला ठेवायचं काम माझ्याकडेच होतं. म्हणून इथे तपासता आलं तेवढंच लिहितो.

गल्लीतली बहुतेक घरं खानदेशातली, लूमवर काम करणारी. सकाळी सातला पाळी बदलते. रस्ता माणसांनी भरतो आणि दहा मिनिटांत रिकामा होतो. तो रिकामा झाला की मोटारसायकल यायची. दोघे कोण, हे अनेकांना माहीत होतं. पण एकाने चौकीत नाव सांगितलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या खिडक्या फुटल्या.

मग भिकामामांनी गावाकडची सोंगं काढली. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. लूमवरून निवृत्त झालेले. गावच्या यात्रेत ते अस्वल व्हायचे. वाघ, राक्षस आणि अस्वल असे तीन मुखवटे त्यांनी गावाहून आणले. रोज सकाळी तिघे जण घोंगडी पांघरून गल्लीच्या तीन तोंडांवर उभे राहू लागले. मोटारसायकल दिसली की डफ वाजवायचा, लोकांनी दारात यायचं. चेहरा झाकलेला, त्यामुळे खिडक्या फुटण्याची भीती नाही.

पहिल्या दिवशी लोक हसले. ‘‘मामा, सर्कस कव्हय शे?’’ असं म्हणत एकाने सर्कशीची वेळही विचारली. सोंग बोलत नाही. सोंगाला नावाने हाक मारायची नाही, आत कोण आहे ते विचारायचं नाही. निघतील तर तिन्ही निघतील. एक अडलं तर कुणीच निघत नाही. आणि उद्या निघणार की नाही, हे आधी कुणाला सांगायचं नाही. हे यात्रेतले नियम मामांनी इथेही पाळले.

चूक त्या शेवटच्या नियमामुळे झाली.

माझी धाकटी बहीण ज्योती शेजारच्या गल्लीत राहते. उन्हाळ्यात याच नाक्यावर तिचा मोबाईल हिसकावताना त्या दोघांनी तिला फरफटत नेलं होतं. खांदा बरा झाला, पण ती एकटी घराबाहेर पडेना. शिलाईच्या कारखान्यातली तिची मशीन मालकाने मंगळवारपर्यंत राखून ठेवली होती. त्या सकाळी तिचा नवरा पाळीवरून घरी पोचलेला नव्हता. नाक्यावर मामा असतील, या भरवशावर ती निघाली.

मामा नव्हते. रविवारी मुखवट्याचा डावा कान तुटला होता. तो जोडून देणारा कतारगामचा एक मूर्तिकार आठला गावी जाणार होता, म्हणून मामा आणि मी पावणेसातलाच निघालो. बाकीचे दोन मुखवटे मामांच्या पेटीत होते आणि किल्ली त्यांच्या खिशात. रिक्षात मी मुखवट्याचा फोटो काढून मूर्तिकाराला पाठवला. फोटोवरची वेळ सात वाजून नऊ मिनिटांची आहे. तुटलेला कान मामांच्या रुमालात होता.

आम्ही नऊला परतलो. ज्योतीचा फोन आला तो कारखान्यातून.

‘‘मामा, तुमचे पाय धरायला पाहिजेत! तुम्ही हँडल धरलं, तर बाईक जागची हलली नाही. दोघं तिथंच टाकून पळाले. त्यांनी हिसकावलेला माझा मोबाईलही रस्त्यावर पडला, तो मी उचलला.’’

‘‘तू एकली कशी काय निंघनी?’’

‘‘तुम्ही होते ना नाक्यावर.’’

मामांनी फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि मुखवट्याचे कान कसे होते ते विचारलं.

‘‘कसे म्हणजे? दोन होते, दादा.’’

‘‘तू काही बोललीस त्यांच्याशी?’’

‘‘सोंगाशी कोण बोलतं? हात जोडले आणि कामावर आले.’’

नाक्यावर खमणाची लारी, म्हणजे हातगाडी, लावणाऱ्या काकांना मी विचारलं. ‘‘तमारो रींछ ज हतो ने, भाई!’’ ते म्हणाले. अस्वल आमचंच, मग मी प्रश्न का विचारतोय, हेच त्यांना कळेना. नाक्यावरच्या मेडिकल दुकानाच्या कॅमेऱ्यात मोटारसायकलचा मागचा भाग थांबलेला दिसतो, हँडल चौकटीबाहेर आहे. दोघे चौकटीबाहेर, डावीकडे बघतात आणि उलटे पळतात. ज्योती डावीकडेच वळून हात जोडते. त्या बाजूला कॅमेरा पोचत नाही.

चौकीत जबाब लिहून घेणाऱ्याने विचारलं, ‘‘रोका किसने? नाम?’’

लारीवाले काका म्हणाले, ‘‘रींछ.’’

‘‘रींछ का पूरा नाम?’’

सगळे हसले, तोही हसला. मोटारसायकल चोरीची निघाली. तिच्यावरून दोघे तिसऱ्या दिवशी पकडले गेले.

दुसरा अस्वलाचा मुखवटा कुणाकडे आहे का, हे मी गल्लीत घरोघर विचारलं. गावाकडेही फोन केले. कुणाकडेच नाही. कुणी मस्करी केली असेल, तर आजवर कुणी पुढे आलेलं नाही. मामांना विचारलं, तर ते एवढंच म्हणतात, ‘‘सोंगले नाव इचारतस नही, भाऊ.’’

मंगळवारी संध्याकाळी मी ज्योतीला सगळं सांगितलं. फोटो दाखवला. तिने तो मोठा करून तुटलेला कान पाहिला. मग मामांना म्हणाली, ‘‘उद्या निघणार का सोंगं? नियम राहू द्या, मला सांगा.’’

मूर्तिकाराने कान जोडून दिला होता, पण जोडाचा कागदी लगदा अजून ओला होता. मामांनी पहिल्यांदाच नियम मोडला. ‘‘नही निंघाव,’’ ते म्हणाले.

बुधवारी नाक्यावर कुणी नव्हतं. मेडिकलच्या कॅमेऱ्यात सात वाजून अकरा मिनिटांनी ज्योती एकटी चालत येताना दिसते. नाक्यावर ती थांबते, डावीकडे बघून हात जोडते आणि पुढे जाते. कारखान्याच्या हजेरीवहीत तिची सही सात पंचवीसची आहे.