मोठा पट्टा

धुकं अजून मेथीवरून उठलं नव्हतं. परतवाड्याजवळच्या वावरात सात महिन्यांची गरोदर शकुन जुड्या बांधत होती. डोकं दोन दिवसांपासून ठणकत होतं. सासू लीलाबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून नजरही काढली होती. तपासणीला मात्र शकुन जात नव्हती. मागच्या खेपेला बीपीचा पट्टा तिच्या जाड दंडावरून फटकन सुटला, अन् रांगेतल्या बाया हसल्या होत्या.

म्हणून आज नर्स दामिनीच मोठा पट्टा घेऊन वावरात आली.

"काहून आली व? मी जाडी हाव, बिमार नाई."

"दंड मोठा तं पट्टा मोठा पाह्यजे. त्यात तुही काय चुकी? बस इथं."

पट्टा फुगला. दामिनीनं एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"बीपी लय वाढलं. डोकं त्यानंच दुखते, नजरेनं नाई. आत्ताच अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात जा लागते."

"अन् लेकरू?"

"त्याच्यासाठीच तं घाई हाय."

शकुन मान खाली घालून म्हणाली, "तिथंबी हासतीन."

"मी येतो ना संगं," शेजारी जुड्या बांधणारी लीलाबाई उसळली. "कोन हासते, पाहतोच!"

शकुननं होकारानं मान डोलावली. दामिनीनं गाडीसाठी फोन लावला. गाडी येईस्तोवर शकुननं बसल्या बसल्याच बांधलेली मेथी सुकू नये म्हणून तिच्यावर ओलं पोतं ओढून घेतलं.