डकोटाला डबल बेल

हनुमंत खुटवडनं आयुष्यात खरं विमान जवळून पाहिलं ते एकदाच, तेही पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या कुंपणाबाहेरून. पण गेल्या नऊ महिन्यांत या गड्यानं पृथ्वीला वेढा घालत आणला होता, आणि तोही भोरच्या एस.टी. स्टँडमागच्या आपल्या घरात, ज्वारीच्या पोत्याला पाठ टेकून. आज शेवटचा टप्पा होता, मस्कत ते पुणे.

त्याचं असं झालं. लेक अश्विनी नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. एस.टी.तून निवृत्त झालेला बाप दिवसभर स्टँडवर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवतो, असं आईकडून कळल्यावर तिनं त्यावर विमान चालवायचा खेळ घालून दिला. खेळ म्हटलेलं हनुमंतला खपत नसे. आत अख्खं जग आहे, डोंगर जागच्या जागी आहेत, बाहेर त्या घडीला जी हवा असेल तीच आतही असते. मग खेळ कसला? विमानं तर ढिगानं होती. त्यानं निवडलं डकोटा. त्याच्या बापाच्या वयाचं, दोन पंख्यांचं, शेपूट भुईला टेकून बसणारं.

"नवी इमानं बटन दाबलं की आपली आपन जात्यात," तो सांगे. "ही गाडी हाकावी लागती."

आणि हाकायची ती त्याच्या रीतीनं. इंजिनाला जोर द्यायचा दांडा हाताशी असतो, हे काही त्याला पटेना. पायाचं काम पायानंच करावं. शेवटी अश्विनीनं मोटारीच्या खेळाची पेडलं मागवून दिली आणि डकोटाला उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर आला, शेजारी ब्रेक आला. "पप्पा, जगात असं कुणी उडवत नसेल," ती फोनवर म्हणाली.

"जगात वरंध्याच्या घाटानं गाडी किती जनांनी नेलीय?" हनुमंतनं विचारलं.

त्याची दुसरी अट म्हणजे वाहकाशिवाय गाडी हलायची नाही. वाहक ठरलेलाच होता, वेल्ह्याचा मानसिंग रेणुसे. भोर-महाड गाडी दोघांनी बावीस वर्षं केली होती, वरंधा घाटातून जाऊन येऊन. घाटात वाघजाईचं देऊळ लागतं. तिथं मानसिंगची सिंगल बेल पडायची, हनुमंत गाडी थांबवून देवीला हात जोडायचा, मग डबल बेल आणि गाडी पुढं. या रिवाजात एकदाही खंड पडला नव्हता. आता मानसिंग दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं भोरला येई, हनुमंतच्या पाठीमागं खुर्ची टाकून बसे आणि डोक्यावरून ओढलेली सुतळी हातात घेई. सुतळीच्या दुसऱ्या टोकाला, हनुमंतच्या कानाशी, पितळेची घंटी होती. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. डकोटा रंगूनला उभी असो नाहीतर अलास्कात, डबल बेल पडल्याशिवाय तिचं चाक फिरत नसे.

हनुमंतची बायको रत्नाबाई भाकरी थापता थापता विचारायची, "आज कुठवर?" मग मानसिंग स्टँडवर ओरडावं तसा पुकारा करायचा, "ग्रीनलँड, ग्रीनलँड, मदल्या गावच्यांनी बसू नये." निघण्याआधी हनुमंत टेबलाभोवती एक फेरी मारून चारही पायांना लाथ घालून बघायचा, टायरात हवा आहे का बघतात तशी. या दोघांना बघून रत्नाबाईंना हसावं का डॉक्टरांकडं न्यावं, ते कळत नसे. पण अलास्कातल्या धुक्यात डकोटा समुद्रावर चाचपडत होती, त्या दिवशी त्यांची भाकरी तव्यावर करपली होती, हेही खरं.

प्रत्येक टप्प्याची नोंद वहीत व्हायची. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. चौतीस टप्पे झाले होते आणि शेऱ्याच्या रकान्यात चौतीस वेळा एकच शब्द होता, 'निरंक'. म्हणजे अपघात नाही, ओरखडासुद्धा नाही. विमान एकदा जरी आपटलं तरी वही फाडून टाकायची आणि पुण्यापासून पुन्हा निघायचं, असं हनुमंतनं पहिल्याच दिवशी रत्नाबाईंसमोर बोलून ठेवलं होतं. बोलला म्हणजे बोलला.

एवढा हट्ट कशापायी, ते डेपोतल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवली की चालकाला बिल्ला मिळतो, सगळ्यांसमोर सत्कार होतो. हनुमंतची चोवीस वर्षं सात महिने झाली होती. घाटात धुकं होतं, समोरून आलेल्या ट्रकला वाट द्यायला गाडी मागं घ्यावी लागली. मानसिंग खाली उतरून मागं उभा राहिला, शिट्टीवर गाडी घेत होता. थांबायची शिट्टी एका श्वासानं उशिरा वाजली आणि मागचा दिवा कठड्यावर फुटला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण अपघात तो अपघात, बिल्ला गेला. 'चालकाचा अंदाज चुकला,' असं हनुमंतनं कागदावर लिहिलं आणि सही ठोकली. मानसिंग शेजारीच उभा होता. त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली होती आणि त्या शिट्टीविषयी दोघांत कधी चकार शब्द निघाला नव्हता.

तर आज सकाळी आठला मस्कत सोडलं. सहा तास नुसतं पाणी. दुपारी दोनच्या सुमारास कोकणचा किनारा दिसला तेव्हा हनुमंत खुर्चीत उठून बसला. इथून सरळ पुणं गाठायचं, एवढंच काम उरलं होतं. पण सरळ जाईल तो हनुमंत कसला? त्यानं सावित्री नदी धरली आणि नाक महाडकडं वळवलं.

"तेल किती हाय?" मानसिंगनं विचारलं. टाकीत लागेल तेवढंच तेल भरायची हनुमंतची डेपोपासूनची खोड होती.

"हाय पुरता. सगळं जग हिंडून आलेली गाडी भोरला तोंड दावल्याबिगर जाती व्हय?"

महाड मागं पडलं आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली. तिच्यावरून पांढऱ्या दोऱ्यासारखा घाटरस्ता वर चढत होता. बावीस वर्षं जो रस्ता काचेतून पाहिला, तो दोघं आज वरून पाहत होते. हनुमंतला आनंद आवरेना. रस्ता नीट दिसावा म्हणून त्यानं वेग कमी केला, डकोटा डोंगराच्या अंगाला आणली. "ते बग, हितं आपली गाडी पंचर झालती. ते बग, हितं ती म्हातारी कोंबड्या घिऊन बसायची." मानसिंग सुतळीला धरून पुढं वाकला होता. खिंडीच्या अलीकडचं ओळखीचं वळण आलं. पडद्यावर देऊळ काही दिसत नव्हतं, पण वळण तेच होतं.

आणि घंटी एकदा वाजली.

मानसिंगनं ती जाणूनबुजून वाजवली नव्हती. वाघजाईच्या वळणावर त्याचा हात बावीस वर्षं जे करत आला, तेच त्यानं आजही केलं. हनुमंतच्या पायानंही तेच केलं. ॲक्सिलरेटरवरून सुटला आणि ब्रेकवर जाऊन बसला, गच्च.

हवेत ब्रेक लागून काय होणार? दोन्ही इंजिनांचा जोर मात्र उतरला. आधीच हळू चाललेली डकोटा थरथरली, डावा पंख खाली गेला आणि पडद्यावर नुसते दगड दिसायला लागले. चहा घेऊन आलेल्या रत्नाबाई दारातच थबकल्या. हनुमंतनं पाय परत ॲक्सिलरेटरवर दाबला, पण इंजिनं जोर धरेपर्यंत धीर कुठला? नाक वर ओढावं असं कुणालाही वाटलं असतं. त्यानं ते खाली दाबलं. खिंडीपलीकडं जमीन नीरेच्या खोऱ्यात उतरते, हे त्याला विमानातलं कुठलं घड्याळ सांगत नव्हतं. ते त्याच्या हाडात होतं. खिंड पोटाखालून घासल्यासारखी गेली आणि पुढं खोरं मोकळं झालं. वेग आला. शिरगावचं वळण, मग हिर्डोशी, एकेक वळण घेत त्यानं रस्त्यावरून गाडी न्यावी तसं विमान काढलं आणि देवघर धरणाच्या पाण्यावर सरळ केलं. पंख शाबूत होते.

"वाचली," तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. अंगावरचा सदरा घामानं भिजला होता, पण अशी मजा त्याला कित्येक वर्षांत आली नव्हती.

त्यानं वळून पाहिलं. मानसिंगनं सुतळी सोडून दिली होती आणि तो हात मांडीखाली दाबून बसला होता.

"दुसऱ्यांदा, हनुमंता," तो म्हणाला. "शेवटाला येऊन दुसऱ्यांदा. म्या परत हात लावत न्हाई. तू जा पुढं."

आता खाली भोर आलं होतं. राजवाडा, नदी, स्टँड, त्याच्या मागं यांचंच घर. हनुमंतनं डकोटा वळवली. एक गोल चक्कर झाली, दुसरी सुरू झाली.

"अहो, हितंच का फिरताय?" रत्नाबाईंनी विचारलं.

"सिंगल पडलीया. डबल पडल्याबिगर गाडी पुढं जायची न्हाई."

मानसिंग तेलाचा काटा बघत होता. तो लाल रेघेला टेकला होता. "येडा हायस का? तेल सपलं तर पडंल. नऊ म्हयन्याची वही फाडाया लागंल."

"फाडू."

"हनुमंता, जा म्हनतो न्हवं."

"वाहक तू हायस. मला इचारू नगस."

तिसरी चक्कर झाली. चौथीला उजवं इंजिन एकदा खोकलं. हनुमंतच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. ही वही त्याला बिल्ल्याइतकी प्यारी होती, त्याहूनही जास्त. तरी त्यानं नाक पुण्याकडं वळवलं नाही. रत्नाबाईंना राहवेना. "भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "द्या की."

मानसिंगनं मांडीखालचा हात काढला. सुतळी धरली. आणि घंटी दोनदा वाजली, अशी खणखणीत की शेजारच्या मंगलबाई बाहेर आल्या.

डकोटा सुटली. कापूरहोळ गेलं, शिवरे गेलं, कात्रजचा डोंगर खाली सरला. लोहगावची धावपट्टी दिसली तेव्हा उजवं इंजिन बंद पडलं होतं आणि डावं कण्हत होतं. हनुमंतनं ती अशी टेकवली की रत्नाबाई आत बसल्या असत्या तरी त्यांच्या हातातल्या बशीत चहा सांडला नसता. धावपट्टीच्या कडेला जाऊन डावा पंखाही आपोआप थांबला. टाकीत थेंब उरला नव्हता.

रत्नाबाई रडत होत्या आणि हसत होत्या. हनुमंतनं वही ओढली, वेळा लिहिल्या. शेऱ्याच्या रकान्यापाशी आला तसा मानसिंगनं हात पुढं केला आणि पेन मागून घेतलं.

त्यानं वेळ लावून, एकेक अक्षर कोरून लिहिलं. 'घाटात चूक झाली, ती वाहकाची. चालकाची नाही.' खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

"आज काय एवढं झालं न्हाई, लेका," हनुमंत म्हणाला.

"आजचं न्हाई ते," मानसिंग म्हणाला. "त्या टायमाला लिवायचं राहिलं हुतं."

हनुमंतनं वही परत घेतली. मानसिंगच्या सहीखाली त्यानं 'निरंक' लिहिलं, आणि मग कितीतरी वेळ त्याला वही मिटवेना.